मियाँ कविता : ओळखीखाली दडलेली जमीन

आसाममधली मियाँ कविता आपल्याकडे पोहोचली ती कविता म्हणून नव्हे, बातमी म्हणून. जुलै 2019 मध्ये गुवाहाटीत दहा जणांवर गुन्हा नोंदवला गेला. त्यांतले बहुतेक कवी होते आणि गुन्ह्याचे कारण एक कविता होती. हाफिज अहमद यांची ती कविता 2016 मध्येच लिहिली गेली होती. तीन वर्षे तिने कुणाचे काही बिघडवले नव्हते. पुढच्याच महिन्यात, 31 ऑगस्ट 2019 रोजी, राष्ट्रीय नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली आणि 19,06,657 माणसे तिच्याबाहेर राहिली. त्या गदारोळात ही कविता आपण वाचली ती नागरिकत्वाची कविता म्हणून, अस्मितेची कविता म्हणून. ज्या शब्दाने हिणवले जाते तोच शब्द अभिमानाने मिरवायचा, ही तिची रीत आपल्याला लगेच कळली. मराठी मुस्लिम वाचकाला ते समजावून सांगावे लागत नाही. 'मियाँ' हा शब्द कोण उच्चारतो आणि कुठल्या सुरात उच्चारतो, यावर तो अदब आहे की शिवी हे ठरते, हे आपण शाळेच्या वयातच शिकतो.

पण हे वाचन अर्धेच आहे. मला तर वाटते, ते सोयीचेही आहे. अस्मितेची कविता म्हटले की दोन बाजू तयार मिळतात, एक हिणवणारा आणि एक दुखावलेला, आणि वाचकाला फक्त आपली बाजू निवडायची उरते. मियाँ कवितेच्या बुडाशी जी गोष्ट आहे तिला इतक्या सोप्या दोन बाजू नाहीत. ती गोष्ट म्हणजे जमीन, आणि ती जमीन खाणारी नदी.

ब्रह्मपुत्रेच्या पात्रात गाळ साचून जे बेट वर येते त्याला 'चर' म्हणतात. काठाला चिकटून असलेली गाळाची सपाटी म्हणजे 'चापरी'. आपल्या कृष्णा-पंचगंगेच्या काठची मळई डोळ्यांसमोर आणावी आणि ती शेकडो पटींनी वाढवावी, म्हणजे थोडी कल्पना येईल. फरक एवढाच की ही मळई चालते. आज इथे असलेला चर पाच पावसाळ्यांनी मैलभर खाली दिसतो, किंवा दिसतच नाही. 15 ऑगस्ट 1950 च्या महाभूकंपाने डोंगर ढासळून नदीचे पात्र गाळाने उचलले गेले आणि काठ खाण्याचा तिचा वेग वाढला. राज्याच्या जलसंपदा विभागाचा आकडा असा की 1950 पासून 4.27 लाख हेक्टर जमीन नदीने गिळली, म्हणजे राज्याच्या क्षेत्रफळाच्या 7.40 टक्के. 2002-03 च्या सरकारी पाहणीत चरांवरची 2,251 गावे आणि जवळपास 25 लाख माणसे मोजली गेली. साक्षरता 19.31 टक्के. यांतले बहुसंख्य लोक पूर्व बंगालच्या मैमनसिंग वगैरे जिल्ह्यांतून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आलेल्या मुस्लिम शेतकऱ्यांचे वंशज आहेत.

आता या माणसाच्या कागदांचा विचार करा. त्याच्याकडे बरेचदा 'एकसनिया' पट्टा असतो, एका सालापुरता. कायमचा 'म्यादी' पट्टा मिळाला असला तरी तो ज्या जमिनीचा, ती जमीन आता पाण्याखाली. घर मोडून तो दुसऱ्या चरावर, दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात जातो. तिथे त्याला कुणी ओळखत नाही. तिथल्या लोकांच्या लेखी तो काल आलेला, आणि काल आलेला म्हणजे सीमेपलीकडून आलेला. नागरिक नोंदणीसाठी 24 मार्च 1971 पूर्वीचे जे कागद चालत होते त्यांत जमिनीचे आणि कुळवहिवाटीचे कागद होते. म्हणजे नदीने शेत नेले तेव्हा नुसते शेत गेले नाही, पुरावाही गेला. मियाँ कवितेतली ओळखीची धडपड इथून सुरू होते. तिचा उगम धर्मात शोधणे म्हणजे नदीचा उगम पुलाखाली शोधण्यासारखे आहे.

या कवितेचे पूर्वज दोन. मौलाना बंदे अली यांची 1939 मधली कविता, जिच्या शीर्षकातच एक 'चरुआ', म्हणजे चरावरचा माणूस, आपले म्हणणे मांडतो. आणि खबीर अहमद यांची 1985 मधली कविता, 'विनीत निवेदन एइ जे'. हे शीर्षक थांबून वाचावे असे आहे. सरकारी कचेरीत अर्ज करताना पहिली ओळ जशी घालतात, आपल्याकडच्या 'विनंती अर्ज करतो की' सारखी, तेच हे शब्द. म्हणजे कवीने कवितेसाठी साचा निवडला तो गझलेचा नाही, गीताचा नाही, अर्जाचा. हाफिज अहमद यांच्या कवितेमागे महमूद दरवेश यांची ओळखपत्रावरची प्रसिद्ध कविता आहे हे सर्वांना माहीत आहे. तीही एका अधिकाऱ्याला उद्देशून आहे. टीकाकारांनी दरवेश आणि मियाँ कवी यांची सांगड प्रतिकाराच्या नात्याने घातली. मला ती सांगड कचेरीच्या नात्याने अधिक खरी वाटते. दोन्हीकडे बोलणारा माणूस टेबलापलीकडच्या माणसाशी बोलतो आहे, आणि दोन्हीकडे टेबलावर जो कागद आहे त्याच्या खाली जमीन आहे.

1939 ची कविता तर तिच्या काळातल्या जमिनीच्या भांडणाशिवाय समजतच नाही. त्या वेळी आसामात 'लाइन प्रथा' चालू होती. 1920 मध्ये नौगाव आणि बरपेटा भागात इंग्रज अंमलदारांनी गावांच्या नकाशांवर रेघा मारल्या : या बाजूला नवे वसाहतवाले, त्या बाजूला स्थानिक लोक. हेतू भांडण टाळण्याचाच होता, असे म्हणायला हरकत नाही. पण झाले उलटे. रेघेमुळे आतापर्यंत नुसता शेजारी असलेला माणूस 'रेघेपलीकडचा' झाला. 1937 नंतर सगळे राजकारण या रेघेभोवती फिरू लागले. एकीकडे मौलाना अब्दुल हमीद खान भाशानी रेघ पुसा म्हणत होते (त्यांच्या नावातले 'भाशानी'सुद्धा भासान नावाच्या चरावरून आलेले आहे), दुसरीकडे असमिया पुढारी ती अधिक जाड करा म्हणत होते. सर सादुल्लांच्या सरकारने 1943 मध्ये 'अधिक धान्य पिकवा' म्हणत गुरचरणीच्या राखीव जमिनी खुल्या केल्या, त्याने आग वाढलीच. या सगळ्यात बंदे अली आम्हीही असमियाच असे सांगत होते. नुसती भाषाप्रेमाची कविता म्हणून ती वाचली तर गोड वाटते. रेघेच्या पार्श्वभूमीवर वाचली तर ती रेघ ओलांडू देण्याची विनवणी आहे. 1951 च्या जनगणनेत या लाखो शेतकऱ्यांनी आपली मातृभाषा असमिया लिहिली, तोही याच विनवणीचा पुढचा अर्ज होता.

आणि आता मियाँ कवितेचा जो भाग मला खटकतो त्याकडे येतो. हाफिज अहमद यांच्या कवितेतला माणूस सांगतो की पडीक, दलदलीची जमीन मी हिरवी केली आणि तुम्हाला खाऊ घातले. हा दावा खोटा नाही. चरावर पहिला नांगर घालणाऱ्या माणसाने किती साप, किती ताप, किती पूर सोसले असतील याची गणती नाही. परंतु 'पडीक' हा शब्द कुणाचा? तो महसूल खात्याचा शब्द आहे. साहेबाच्या नोंदवहीत जिच्यावर सारा बसत नव्हता ती जमीन पडीक. तीच जमीन तिवा माणसासाठी फिरत्या शेतीची होती, मिसिंग माणसासाठी मासेमारीची आणि वेताची होती, नेपाळी गवळ्यासाठी चराईची होती. ती रिकामी नव्हती, तिच्यावर नाव नव्हते एवढेच. ज्या कचेरीने कवीचा अपमान केला, तिचाच शब्द कवीने आपल्या बचावासाठी उचलला आहे. अर्जाचा साचा घेतला की अर्जदाराची भाषाही मागोमाग येते. मी अनुवादांतून जेवढी मियाँ कविता वाचली, तिच्यात या शेजाऱ्याचा चेहरा मला क्वचितच दिसला. असमिया मध्यमवर्गीय दिसतो, पोलीस दिसतो, कारकून दिसतो. नदीने ज्याचेही शेत नेले तो बिगरमुस्लिम शेतकरी दिसत नाही. माजुली बेटाचे नाव आपण भूगोलाच्या तासाला मुलांकडून पाठ करून घेतो; तिथले मिसिंग आणि देउरी लोक याच नदीने वर्षानुवर्षे उठवले जात आहेत.

ही तक्रार मी कवितेला उणेपणा देण्यासाठी करीत नाही. हा न दिसलेला शेजारी किती महागात पडतो याचा इतिहास आहे. 18 फेब्रुवारी 1983 ची नेल्ली आपण मुस्लिम संहार म्हणून लक्षात ठेवतो, आणि तो होताच. सरकारी आकडा 1,819 मृतांचा आहे, लोक त्याहून पुष्कळ जास्त सांगतात. तिवारी आयोगाचा अहवाल 1984 मध्ये सरकारला सादर झाला तो चार दशके सामान्य माणसाला वाचायला मिळाला नाही. पण हल्ला करणाऱ्यांत मोठ्या संख्येने जे तिवा होते, तेही त्या राज्यातले अल्पसंख्यच. माकिको किमुरा या जपानी विदुषीने पुढे गावोगाव जाऊन दोन्ही बाजूंच्या लोकांशी बोलून नेल्लीवर पुस्तक लिहिले, ते 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या तिवांच्या बोलण्यात जमीन हातची गेल्याची तक्रार येते. 1947 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून आदिवासींसाठी राखीव पट्टे ठरवले गेले होते, की तिथली जमीन बाहेरच्याला घेता येऊ नये. कागदावर ते संरक्षण राहिले. प्रत्यक्षात जमीन हात बदलत राहिली, कधी विकत, कधी गहाण, कधी नदीने उठवलेल्या माणसाने नाइलाजाने बसकण मारली म्हणून. 1983 च्या त्या सकाळी जे झाले त्याचे समर्थन कोणत्याही जमिनीच्या तक्रारीने होत नाही. मात्र ती तक्रार तीस वर्षे आधी एखाद्या तलाठ्याने, एखाद्या मामलेदाराने प्रामाणिकपणे सोडवली असती तर आंदोलनाच्या ठिणगीला तिथे वाळलेले गवत मिळाले नसते. 2012 मध्ये बोडो भागात हेच पुन्हा घडले. चार लाखांहून अधिक माणसे छावण्यांत गेली, त्यांत मुस्लिम होते तसे बोडोही होते.

हे भांडण धर्माचे नव्हे असे म्हटले की काही मित्रांना राग येतो. त्यांनी अबू इसहाक यांची 'पद्मार पलिद्वीप' ही बंगाली कादंबरी वाचावी. 1986 मध्ये ती पुस्तकरूपाने आली. पद्मा नदीत एक चर वर येतो, आणि त्याचे नावच 'खुनेर चर' आहे, कारण त्याच्या ताब्यासाठी पूर्वी खून पडले आहेत. एका बाजूला एरफान मातब्बर आणि त्याचा मुलगा फजल, दुसऱ्या बाजूला लठैतांची फौज बाळगणारा जंगुरुल्ला. सगळे मुसलमान. दोन्ही बाजूंना एकच कलमा, एकच बोली, एकच भात-मासळी. तरीही चर वर आला की भाले निघतात. नदी जमीन परत देते तेव्हा ती कुणाची, याचे उत्तर गावात कुणाकडे नाही. ज्याच्याकडे आहे तो कचेरीत बसलेला आहे आणि त्याचे उत्तर पैशाप्रमाणे बदलते. कादंबरी म्हणून ती काही ठिकाणी सैल आहे, फजलच्या संसाराचे आणि प्रेमाचे धागे लांबतात. पण चरावर पहिली झोपडी घालण्याची घाई, रात्रीतून ताबा दाखवण्याची धडपड, हे सारे इतक्या जवळून लिहिलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही. आसामच्या प्रश्नावरचे दहा अग्रलेख जे सांगत नाहीत ते ही कादंबरी सांगते : ज्याला जमिनीचा नियम आधीपासून ठाऊक नाही त्याच्या हातात शेवटी काठीच उरते.

नियम होते. 1825 चा बंगालचा नियम होता, नदीने हळूहळू जोडलेली जमीन काठच्या मालकाची आणि मोठ्या नदीत उठलेले बेट सरकारचे. बांगलादेशने 1972 मध्ये वर आलेली सगळी जमीन सरकारची केली, आणि 1994 मध्ये बदल केला की तीस वर्षांच्या आत तीच जमीन पुन्हा वर आली तर ती मूळ मालकाला मिळावी. तिथे लाठ्या थांबल्या असे नाही. तरी भांडणाऱ्याला निदान एका कलमाकडे बोट दाखवता येते. आपल्याही 1966 च्या जमीन महसूल अधिनियमात मळईच्या जमिनीसाठी कलमे आहेत. आसामच्या चरावर मात्र बुडालेल्याला पर्यायी जमीन हक्काने मिळेल अशी व्यवस्था उभी राहिलीच नाही. मिळते ती दया, किंवा ताबा.

माणिक बंद्योपाध्यायांच्या 'पद्मा नदीर माझी'मधला (1936) हुसेन मियाँ या बाबतीत फार विलक्षण माणूस आहे. गरीब कोळ्यांना तो समुद्रातल्या मयनाद्वीपावर नेऊन वसवतो. तिथे मशीद नको आणि मंदिरही नको, असा त्याचा हट्ट. पुष्कळ टीकाकारांनी त्यात धर्मनिरपेक्ष स्वप्न पाहिले. मला त्यात एक धूर्त जमीनमालक दिसतो, ज्याला ठाऊक आहे की नव्या जमिनीवर पहिल्यांदा देवाचे घर बांधले की दुसऱ्या दिवशी जमीन वाटली जाते. स्वप्न म्हणा की धूर्तपणा, भांडण होण्याआधी त्याचा विचार करणारे त्या साहित्यातले ते एकच पात्र मला आठवते.

मियाँ कवितेवर आसामात जी टीका झाली तीही जमिनीला चुकवूनच गेली. हिरेन गोहाईं यांच्यासारख्या जाणत्या, डाव्या विचारवंताने विचारले की हे कवी प्रमाण असमिया सोडून बोलीत का लिहितात. प्रश्न गैर नव्हता, आणि गोहाईं चरांच्या शत्रूंपैकी मुळीच नव्हेत. पण रेहना सुलताना किंवा शालिम हुसेन यांच्या पिढीने ज्या बोलीत लिहिले, ती चरावरच्या घरात बोलली जाणारी बोली आहे. 1951 मध्ये शेतीचा हक्क टिकावा म्हणून जिच्यावर बाप-आजोबांनी पाणी सोडले, तीच नातवंडे परत मागत होती. सौद्यातली दुसरी बाजू, जमिनीची शाश्वती, कधी मिळालीच नाही. मग त्यांनी आपली बाजू तरी किती दिवस पाळावी? हा मुद्दा त्या वादात कुणी नीट मांडला असता तर गोहाईंनाही उत्तर देणे सोपे गेले नसते.

ऑक्टोबर 2022 मध्ये गोवालपाडा जिल्ह्यात काही लोकांनी एका छोट्या घरात 'मियाँ संग्रहालय' उघडले. नांगर, मासे धरण्याची साधने, लुंगी अशा रोजच्या वस्तू मांडल्या होत्या. दोनच दिवसांत त्याला सील लागले. मुख्यमंत्री म्हणाले की नांगर असमिया लोकांचा आहे; लुंगी तेवढी यांची. मला या एका वाक्यात सगळी मियाँ कविता सापडली. लुंगी तुमची, म्हणजे ओळख तुमची, ती खुशाल ठेवा. नांगर तुमचा नाही, कारण नांगर तुमचा म्हटला की त्याखालची माती कुणाची हा प्रश्न येतो. आणि दुःख असे की आपण समीक्षकही लुंगीवरच लिहीत राहिलो.

त्याआधी वर्षभर, 23 सप्टेंबर 2021 रोजी, दरंग जिल्ह्यातल्या धलपूरला शेती प्रकल्पासाठी घरे पाडताना पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले. एक बारा वर्षांचा मुलगा होता. घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे तो आधार कार्ड घेऊन परतत होता. तिथले लोक सांगत होते की आमची मूळ गावे नदीने नेली म्हणून आम्ही इथे आलो. जुलै 2025 मध्ये धुबरी आणि गोवालपाडा जिल्ह्यांत पुन्हा बुलडोझर फिरले. उठवलेला माणूस कुठे तरी बसणारच, आणि जिथे बसेल तिथे त्याच्या शेजाऱ्याला तो घुसखोर दिसणार. पुढचे भांडण त्या क्षणी पेरले जाते, आणि ते कुठल्या दोन गरिबांत होईल एवढेच ठरायचे राहते.

आपल्या मुस्लिम मराठी समीक्षेलाही हा दोष आहे. हमीद दलवाईंची 'इंधन' (1965) आपण किती वेळा चर्चिली! कोणी त्यात समाजसुधारक पाहिला, कोणी समाजाची बदनामी. पण ती ज्या कोकणातून आली तिथे 1949 चा खोती निर्मूलनाचा कायदा आणि 1 एप्रिल 1957 चा कूळदिन होऊन गेलेला होता. मुस्लिम आणि हिंदू घरांमधले जमिनीचे नाते मुळापासून हलले होते. 'इंधन'वरच्या चर्चेत हे क्वचित येते. एखाद्या तरुण अभ्यासकाने त्या गावांचे फेरफार आणि ती कादंबरी शेजारी ठेवून वाचावी.

मियाँ कवितेचा मराठी अनुवाद कुणी करणार असेल तर एक सूचना करावीशी वाटते. 'चर' आणि 'चापरी' हे शब्द तसेच ठेवावेत, 'बेट' आणि 'किनारा' म्हटले की नदीचे चालणे नाहीसे होते. 'एकसनिया'साठी मात्र नवा शब्द घडवायला नको. आपल्या तलाठ्याच्या दप्तरात 'एकसाली' हा शब्द आहेच, आणि एकसाली जमीन कसणाऱ्याला पुढच्या साली काय होईल ही धास्ती कशी असते, हे सांगणारी माणसे आपल्या गावांत आजही भेटतात.